बाळकुमच्या धक्क्यावरून

वनिता गेल्याचं मला तिच्या भाचीने, प्राचीने, फोनवर सांगितलं. तीन दिवसांचं आजारपण, चौथ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवता ठेवता प्राचीने विचारलं, "मावशी, आत्याच्या खोलीतलं कॅलेंडर काढून ठेवू का? घरात सगळे म्हणतात, पेन्सिलीने भरलेलं आहे, आता काय करायचं त्याचं..." मी म्हटलं, हात लावू नकोस, मी येते. येते म्हटलं खरं, पण जायला मला पाच आठवडे लागले. आयुष्यभर मी घाईची म्हणून बदनाम, आणि या एका कामाला मात्र पाय उचलत नव्हता.

वनिता नाखवा आणि मी भेटलो ते कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी डोंबिवलीहून यायची. पदवी होती, म्हणून 'प्रोग्रामर' होते आणि पंख्याखालची खुर्ची माझी होती. ती शेजारच्याच बाळकुमची, बारावी झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, म्हणून 'ऑपरेटर'. गोदामातून आलेल्या चिठ्ठ्या दिवसभर संगणकात भरायच्या, हे तिचं काम. तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे, आई ठाण्याच्या बाजारात बसायची. पहिल्या महिन्यात ती मला मॅडम म्हणायची. एकदा माझ्या प्रोग्राममुळे महिन्याचा साठ्याचा सगळा तक्ता उलटा छापला गेला. तिने तो साहेबांच्या नजरेला पडायच्या आत मला आणून दाखवला, आणि त्या दिवसापासून मी 'सुधे' झाले. चिठ्ठ्या भरता भरता तिला कुठे काय चुकतंय ते आधी कळायचं, मला नंतर. हे तेव्हा मी कबूल केलं नसतं. आता करते.

आमच्या गोष्टीची सुरुवात झाली नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका संगणक-मासिकासोबत आलेल्या सीडीमुळे. त्या सीडीवर संगणक चालवणारी, फुकट वापरायची एक प्रणाली होती आणि तिच्यासोबत शेकडो लहान लहान प्रोग्राम. त्यांची खासियत अशी, की त्यांचं आतलं लिखाण कुणालाही उघडून वाचता यायचं, सुधारता यायचं आणि सुधारलेलं परत पाठवता यायचं. याला ओपन सोर्स म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. मी ती सीडी मोठ्या उत्साहाने चढवली आणि आठवड्यात विसरले. वनिता जेवणाच्या सुट्टीत ती उघडून बसायची. त्यात तिला एक प्रोग्राम सापडला: जगातल्या कुठल्याही बंदराची भरती-ओहोटीची वेळ सांगणारा. तिने मुंबई निवडली, वेळ कागदावर लिहून घेतली आणि घरी जाऊन वडिलांना दाखवली. दुसऱ्या दिवशी आली ती हसतच. मशीन पावणेदोन तास चुकलं होतं.

तिच्या वडिलांचं गणित सोपं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार. त्यात आपल्या खाडीचे सव्वा तास मिळवायचे, कारण समुद्राचं पाणी आत बाळकुमपर्यंत चढायला तेवढा वेळ घेतं. पण हे गणितही ते अंदाजासाठीच धरायचे. कुणी कितीही खात्रीने वेळ सांगितली तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी पानी बगूंदे." मग धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहायचे. कुठल्या पायरीवर पाणी येऊन थबकतं ते बघायचं, आणि मगच बोलायचं. वनिताला वाटलं, वडील बरोबर आहेत, मशीन चूक आहे, आणि मशीनचं आतलं लिखाण तर आपल्यासमोर उघडं पडलंय. मग दुरुस्त करायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नव्हती, पण पाठवायचं कसं? इंटरनेट होतं माझ्या घरी, डोंबिवलीला. फोनच्या वायरीवर चालणारं, नुसती अक्षरं दाखवणारं, आणि ते चालू असलं की घरचा फोन बंद. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रविवारची सकाळ तेवढी आम्हाला मोकळी करून दिली होती. त्यातून आमची एक पद्धत पडली. वनिता आठवडाभर कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत काम करायची, रविवारी फ्लॉपी घेऊन डोंबिवलीला यायची, आम्ही पत्र पाठवायचो, आलेली पत्रं त्याच फ्लॉपीवर उतरवून ती परत न्यायची. फ्लॉपी डब्याच्या पिशवीतून यायची, त्यामुळे तिला सुक्या जवळ्याचा वास असायचा. अण्णा एकदा म्हणाले, तुमच्या संगणकाचं काहीतरी जळतंय. बाकीचं जग एकमेकांना तासाभरात उत्तरं द्यायचं, आमचं उत्तर आठवड्याने जायचं. पण म्हणूनच ते सात दिवस विचार करून गेलेलं असायचं.

आता माझा दोष सांगते. पहिल्या पत्राच्या तळाला वनिताने स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिचं इंग्रजी मी सरळ करत होते, आणि सरळ करता करता ते नाव मी काढलं. खातं माझं, पत्ता माझा, वर एक नाव आणि खाली दुसरं म्हणजे तिकडच्या लोकांचा गोंधळ उडेल, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. मला तेव्हा ते कारण खरंच वाटलं होतं... निदान मी तसं स्वतःला सांगितलं होतं.

त्या प्रोग्रामचा मूळ कर्ता कुठल्याशा थंड देशातला होता. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण तो वही तपासल्यासारखी उत्तरं द्यायचा. पहिल्या खेपेला वनिताने सरळ मुंबईच्या आकड्यांत पावणेदोन तास मिळवून पाठवले होते. मास्तरने नाकारलं. त्याने लिहिलं होतं, की तुम्ही उत्तर दुरुस्त केलंय, प्रोग्राम नाही. मुंबईच्या छापील वेळांशी ताडून पाहिलं तर तुमच्या बदलाआधी तो बरोब्बर अर्धा तास चुकत होता, बदलानंतर सव्वा तास चुकतो. आणि शेवटी एक प्रश्न होता: हे आकडे तुम्ही नेमके कुठे उभं राहून मोजलेत?

मला राग आला. वनिताला आला नाही. ती तो कागद पुन्हा एकदा वाचून हसायला लागली. म्हणाली, "अगं, बरोबर विचारतोय तो. बाबा बाळकुमच्या धक्क्यावर उभे, आणि मी मुंबईचं पाणी बदलून टाकलं." बाळकुममध्ये वाढलेल्या माणसाला भरती म्हणजे बाळकुमचीच भरती. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायची नाही. तिने घरी जाऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पानी दर्यातून निंगलं न् लगेच बालकुमला आयलं, असा होतं काय गो? त्याला वाट चालाला वेल लागतं." म्हणजे सव्वा तास खाडीचे. ते कुणाची चूक नव्हतेच. उरला अर्धा तास. तो मात्र मशीनचा होता आणि तो नेमका अर्धाच का, हे शोधायचं होतं.

पुढचे सहा आठवडे वनिता ते सगळं लिखाण वाचत होती. कारखान्यातल्या कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर तिने ते छापून घेतलं होतं, पाठची कोरी बाजू वापरून. मी पदवीला जे शिकले ते पुस्तकातल्या नीटनेटक्या उदाहरणांवर. ती शिकली ती दुसऱ्याच्या चालत्या, वाकड्यातिकड्या, खरोखर वापरात असलेल्या लिखाणावर. एखादी ओळ कळली नाही तर मला विचारायची, आणि मलाही कळली नाही तर आम्ही दोघी ती ओळ बदलून काय बिघडतं ते बघायचो. एका बुधवारी तिने मला हाक मारली आणि एका शब्दावर पेन्सिल ठेवली. ज्या जागी प्रत्येक देशाचं घड्याळ किती पुढे ते ठेवलेलं होतं, तिथे फक्त पूर्ण तास मावत होते. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. मशीनने वरचा अर्धा तास टाकून दिला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता.

तिने अर्ध्या तासाची सोय करून पाठवलं. तेही परत आलं. आमची पत्रं त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच जायची, त्यांतल्या एका काठमांडूच्या माणसाने लिहिलं, की आमचं घड्याळ पाऊण तासाचं आहे, आमचं काय? मी म्हटलं, तुमच्याकडे समुद्र तरी आहे का! पण मास्तरचं म्हणणं होतं, की घड्याळाचा हा भाग दुसरे प्रोग्रामही वापरतात, तेव्हा नेपाळचंही बरोबर यायला हवं. मग वनिताने तास काढून सरळ मिनिटं ठेवली. ते तिसऱ्या खेपेला गेलं आणि पुन्हा परत आलं, कारण वनिताबाईंनी जाता जाता सगळ्या फाइलीतल्या ओळी एका रेषेत आणल्या होत्या. दहा वर्षं चिठ्ठ्या भरल्याची सवय. चार ओळींच्या बदलाऐवजी मास्तरला चारशे ओळी बदललेल्या दिसत होत्या. एका वेळी एकच गोष्ट, त्याने लिहिलं, आणि का बदललं ते एका वाक्यात. चौथ्या खेपेला चार ओळी गेल्या आणि एक वाक्य. त्या वाक्यावर तिने शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या.

ते स्वीकारलं गेलं. पुढच्या आवृत्तीत आभारांच्या यादीत नाव छापून आलं. माझं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला ते नाव आवडलं होतं. जगात कुठेतरी कुणीतरी तो प्रोग्राम उघडेल आणि माझं नाव वाचेल, या कल्पनेने मी आठवडाभर हवेत होते. त्या यादीचा छापील कागद मी टेबलावरच्या काचेखाली सरकवला. वनिता रोज त्या टेबलापाशी यायची, तो कागद बघायची, आणि आपल्या कामाला लागायची.

त्याच सुमारास कारखान्याने ठरवलं, की ऑपरेटर नकोत. प्रोग्रामर राहतील, ऑपरेटरांना पॅकिंगमध्ये पाठवणार. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामरची एक जागा होती. वनिताने अर्ज केला. पदवी नाही, अनुभव चिठ्ठ्या भरण्याचा. दाखवायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, म्हणून नाव माझं असलं तरी काम आपण समजावून सांगू, अशा भरवशावर तिने त्या यादीचा एक कागद छापून घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाळकुमच्या बसथांब्यावर, जिथे मी रोज बस बदलायची, मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "त्या सरांनी कागद वाचला. विचारलं, यात नाखवा कुठे आहे?" मग बस आली. त्या बसमध्ये मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. कोलशेतला उतरल्याबरोबर मी टेबलावरची काच उचलली आणि तो कागद काढला. पण कागद काढून काय होणार होतं... नाव तर जगभर गेलं होतं.

रविवारी ती नेहमीसारखी फ्लॉपी घेऊन आली. मी मास्तरला लिहायचं पत्र तयार ठेवलं होतं. सगळा दोष माझा, असं लांबलचक. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि बाजूला ठेवलं. "तू नको लिहूस," ती म्हणाली. "पाणी मी चुकवलं, ते मी दुरुस्त केलं. हेही मीच करते." आणि तिने फ्लॉपी दिली. त्यावर पाचवी दुरुस्ती होती. एकच ओळ: यादीतलं माझं नाव काढून तिथे तिचं. सोबत का बदललं ते एका वाक्यात, तिच्या स्वतःच्या इंग्रजीत: हे काम वनिता नाखवाने केलं, पत्र सुधाने पाठवलं. मला सवयीने एक शब्द सुधारावासा वाटला. तिने माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे, सुधे. असंच जाऊ दे."

त्या आठवड्यात मी काय काम केलं ते मला आठवत नाही. पुढच्या रविवारी मास्तरचं उत्तर आलेलं होतं. दुरुस्ती घेतली होती. खाली लिहिलं होतं, की मला शंका होतीच. पत्रं घाईच्या माणसाची वाटायची आणि काम सावकाश माणसाचं. हे मी वाचून दाखवलं, तेव्हा अण्णांनी आतल्या खोलीतून मोठ्याने हसून दाद दिली. आपल्या मुलीबद्दल साता समुद्रापलीकडच्या माणसाने एवढं अचूक लिहावं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं होतं. आणि त्याखाली, पहिल्यांदाच वनिताचं नाव घेऊन, मास्तरने तिला एक काम दिलं होतं: बाळकुम हे वेगळं ठिकाण म्हणून घालायचं असेल, तर तिथल्या पाण्याच्या महिनाभराच्या वेळा पाठव. बघून घेतलेल्या, हिशोबाने काढलेल्या नव्हेत.

ती पुन्हा वागळे इस्टेटला गेली. या वेळी मी बरोबर गेलेले, बाहेर बाकावर बसलेले. तिच्या हातात जाडजूड फाइल होती आणि त्यात सगळी पत्रं होती, नकाराचीसुद्धा. मी म्हटलं होतं, नकार कशाला दाखवतेस? ती म्हणाली, शिकले तर त्यातनंच ना. आत काय झालं ते तिने मला नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मीच आत होते असं वाटतं. त्या सरांनी पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं, आणि विचारलं, "तीनदा परत आलं?"

"हो. प्रत्येक वेळी बरोबर कारणाने आलं. कारणं सांगू?"

आणि ती उठून फळ्यापाशी गेली. धक्का कुठे, मुंबई कुठे, अर्धा तास कुठे हरवला, नेपाळचं काय, ओळी सरळ करायचा मोह कसा झाला, सगळं तिने आपल्याच चुकांच्या क्रमाने मांडलं. सरांनी तिला अडवायला म्हणून विचारलं, उद्या एखाद्या देशाने पावही नाही आणि अर्धाही नाही, असं भलतंच घड्याळ लावलं तर? ती म्हणाली, "मिनिटं ठेवलीत सर. कुणी कसंही लावू दे." तीन महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं. तिथून ती निघाली ती पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःहून, सगळ्या विभागाची प्रमुख होऊन. मी तोवर तीन कंपन्या बदलल्या होत्या, आणि अडलं की तिलाच फोन करत होते.

बाळकुमच्या महिनाभराच्या वेळा तिच्या वडिलांनी घेतल्या. रोज धक्क्यावर उभं राहायचं, पाणी थबकलं की घड्याळ बघायचं, घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचं. पुढच्या आवृत्तीत बंदरांच्या यादीत बाळकुम आलं. तिने कागद छापून वडिलांपुढे धरला, उद्याची भरती मशीन किती वाजता सांगतंय ते वाचून दाखवलं. आपल्या गावाचं नाव जगाच्या यादीत लागलेलं बघून म्हातारा काहीतरी बोलेल, म्हणून आम्ही दोघी वाट बघत होतो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी पानी बगूंदे." दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून आले तेव्हा मात्र आईला म्हणाले, आज जेवायला गोड कर.

पुढे मास्तरची ही रीत तिचीच झाली. हाताखालच्या नव्या मुलामुलींचं पहिलं काम ती हमखास परत पाठवायची, आणि त्यांची तोंडं उतरली की स्वतःची ती जुनी फाइल काढून नकाराचं पहिलं पत्र वाचायला द्यायची. मग विचारायची, हे तू कुठे उभं राहून मोजलंस? त्यातली कितीतरी आज मोठ्या जागांवर आहेत. त्यांतली बरीच जणं अंत्यदर्शनाला आली होती आणि धक्का कुठे आहे ते विचारत होती, असं प्राचीने सांगितलं.

पाच आठवड्यांनी मी बाळकुमला गेले. धक्क्याकडच्या वाटेवर आता उंच इमारती आहेत, वनिताचं घरही त्यांतल्याच एकीत, तिसऱ्या मजल्यावर. तिची खोली होती तशीच. भिंतीवर कॅलेंडर. प्रत्येक चौकटीत वर एक वेळ, मशीनने सांगितलेली. ती दर जानेवारीत बसून वर्षभराची एकदम लिहून काढायची. खाली दुसरी वेळ, वडील गेल्यानंतर तिने स्वतः धक्क्यावर जाऊन बघितलेली. वरच्या वेळा डिसेंबरपर्यंत होत्या. खालच्या एका मंगळवारी थांबल्या होत्या. मी तिथे बसून रडले, आणि ते लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

मग मी त्या दिवसाच्या चौकटीतली वरची वेळ वाचली. पाच वाजून दहा मिनिटं. प्राचीला म्हटलं, चल. पेन्सिल आणि एक वही घेतली. आम्ही खाली उतरून धक्क्यावर गेलो. ऊन उतरलं होतं, पाणी पाचव्या पायरीला लागलं होतं. पाचला पाच मिनिटं कमी होती. मला वाटलं, आलंच की, एवढ्या वर्षांत मशीन कधी चुकलंय? वहीच्या पानावर मी पाच-दहा लिहायला घेतलं. प्राची पाण्याकडे बघत होती. तिने नुसतं विचारलं, "मावशी, थांबलं का?"

थांबलं नव्हतं. मी पेन्सिल कागदावरून उचलली आणि पायरीवर बसले, पाणी बघत.